साळवेकाकांचा कोरा रकाना

"काका, जेवण झालं का?" असं मी साळवेकाकांना पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हे विचारायचं कारण?"

आपल्यात जेवणाची चौकशी ही खरी चौकशी नसते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माणूस मूळचा अहमदनगरचा. तरुणपणी केमिस्ट म्हणून अमेरिकेत आला, इथला नागरिक झाला, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाला आणि कॅरी नावाच्या गावात आमच्या शेजारच्या घरात एकटा राहत होता. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. खासगी ते खासगी, यावर त्यांची श्रद्धा येशू ख्रिस्ताच्या खालोखाल होती. साळवे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर मला फोन येईल.

दुकानात काउंटरवरची मुलगी सवयीने झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, विचारायची. काकांच्या मागे रांग वाढत जायची, पण झिप कोड काही बाहेर पडायचा नाही. सवलतीचं कार्डही त्यांनी कधी घेतलं नाही. "मी आठवड्याला किती अंडी खातो हे त्यांना कशाला हवंय?" टपालाने आलेली पाकिटं ते हाताने फाडायचे, तुकडे दोन पिशव्यांत वाटायचे आणि त्या दोन पिशव्या एकाच आठवड्यात कधी कचऱ्यात जाऊ द्यायचे नाहीत.

असा माणूस राजकारणात आहे हे कळल्यावर मी चाटच पडलो. पुराणमतवादी ख्रिस्ती लोकांचा एक छोटासा पक्ष होता आणि काका त्याचे आमच्या भागातले बहुधा एकमेव मराठी कार्यकर्ते. पक्षाचं म्हणणं दोन भागांत होतं. एक, सरकारने कुणाच्या घरात, फोनमध्ये, वाचनालयाच्या नोंदींत डोकवायचं नाही. नाइन-इलेव्हननंतरच्या नव्या कायद्यांवर तर काका तासभर बोलत. दोन, देशाची नीतिमत्ता घसरली आहे, ती सरकारने सावरायची. लॉटरी नको, अश्लील सिनेमे नकोत, लग्नाशिवाय संसार नको.

"काका, घरात डोकवायचं नाही, मग आत लग्न झालंय की नाही ते सरकारला कळणार कसं?" मी विचारायचो.

"तू कॉम्प्युटरवाला. तुला सगळं एकाच स्क्रीनवर हवं असतं," असं म्हणून ते चहा ओतायला लागायचे.

उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर यायला मतदारांच्या सह्या लागायच्या. काका त्या गोळा करायचे तेसुद्धा आपल्या पद्धतीने. आधीच्या माणसाचं नाव आणि पत्ता पुढच्याला दिसू नये म्हणून त्यांनी पुठ्ठ्याला एकाच ओळीची खिडकी कापली होती. कागदावर पुठ्ठा ठेवला की फक्त आपली ओळ दिसायची. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला त्यांनी असा कागद भरून सह्या मिळवल्या. एवढा वडीलधारा माणूस अदबीने पेन पुढे करतो म्हटल्यावर सगळ्यांनी केल्या. मीही केली. पुढे निम्म्याहून अधिक सह्या बाद झाल्या, कारण आमच्यातले बरेचसे व्हिसावरचे, मताचा हक्क नसलेले. सही फक्त मतदाराने करावी ही सूचना कागदावर ठळक होती, पण ती पुठ्ठ्याखाली गेली होती. तुम्ही नागरिक आहात का, असं काकांनी कुणालाच विचारलं नव्हतं. मी त्यांना बोल लावला तर म्हणाले, "असं कसं विचारायचं एखाद्याला?"

तरीही पुढच्या वर्षी पक्षाने काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, बोर्डाच्या निवडणुकीसाठी काकांचंच नाव पुढे केलं. त्या महिन्यात ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. सूट ड्राय-क्लीन करून आणला. भाषण लिहून आमच्या सोफ्यावर आम्हाला वाचून दाखवलं. "नगरच्या मिशन शाळेतला मुलगा अमेरिकेत निवडणुकीला उभा राहतोय," असं माझ्या बायकोला दोनदा सांगितलं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मी तेवढंच पाहिलं.

मग पक्षाकडून उमेदवाराने भरायचा फॉर्म आला. शेवटच्या पानावर प्रश्न होता, तुमच्या कुटुंबात कुणी लग्नाशिवाय कुणाबरोबर राहतं का? काकांची एकुलती एक मुलगी रूथ दूर चँडलर शहरात इंजिनिअर होती. ती कुणाबरोबर तरी राहते, एवढं मंडळात सगळ्यांच्या कानावर होतं. काकांनी तो रकाना कोरा सोडला आणि फॉर्म पाठवून दिला.

पक्षाच्या जिल्हाप्रमुखाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. पलीकडचा माणूस गोडीने बोलत असावा. फक्त 'नाही' लिहा, बाकी आम्ही बघतो, असा एकूण सूर. काका इंग्रजीत म्हणाले, "सर, हाच प्रश्न सरकारने विचारला असता तर तुम्ही मला काय सांगितलं असतं?" मग काकांनी 'गॉड ब्लेस यू' म्हणून फोन ठेवला.

उमेदवारी एका गवत कापायची यंत्रं विकणाऱ्या गृहस्थाला मिळाली. काका त्याच्याही सह्या गोळा करत उन्हात फिरले. मला त्यांचा राग आला. मी तसं बोललोही. ते म्हणाले, "पक्षाची मतं मला पटतात रे. त्यात काय बदललं?"

डिसेंबरात एका दुपारी ते पिशवीतून पुरुषाचा नवाकोरा स्वेटर घेऊन आले. म्हणाले, "जरा घालून दाखव." मी घातला. त्यांनी खांदे चाचपले, बाह्या ओढून बघितल्या.

"कुणासाठी?" माझ्या तोंडून गेलं आणि मी लगेच जीभ चावली. पण ते चिडले नाहीत.

"रूथचा रविवारी फोन असतो. मागे कुणीतरी खोकत असतं. बरेच आठवडे झाले."

"मग विचारा ना तिला, कोण आहे ते."

"मला नाही विचारता येत," ते म्हणाले. "मी विचारलं तर तिला वाटेल, पक्ष विचारतोय. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल."

त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. इतक्या दिवसांच्या सगळ्या थट्टेचंही वाईट वाटलं. मी स्वेटर काढून दिला. त्यांनी तो नीट घडी करून खोक्यात ठेवला, वर रूथचं नाव घातलं आणि पेन तसंच धरून थोडा वेळ उभे राहिले. दुसरं नाव त्यांना माहीत नव्हतं.

"खोकल्यावरून तुझ्याच अंगाचा वाटतो," ते म्हणाले. "अगदीच सैल झाला, तर आतून एक शर्ट घालेल."