लाल पाटावरची गोपिका

पत्नी गोपिकाबाई गेल्या, हे मनोहररावांना सकाळी रामदासपेठेतल्या दवाखान्यात कळलं. पाणी कार्यालयाला ते संध्याकाळपर्यंत कळलं. महाल भागातल्या घराचा नळ गोपिकाबाईंच्या नावावर होता. नळधारक मयत झाल्याने तो तत्परतेने बंद करण्यात आला.

शेजारी बादल्या देऊन थकले, तेव्हा तेरवी आटोपून मनोहरराव नळावरचं नाव बदलायला गेले.

कार्यालयात अर्ज घेणाऱ्या खिडक्या नव्हत्या. नागरिकांना हेलपाटे कंटाळवाणे वाटतात, असं पाहणीत निष्पन्न झाल्याने सगळी कामं आता व्हिडिओ गेममध्ये होत. भिंतीवर पडदा, समोर दोन रिमोट. पडद्यावरच्या चिमुकल्या मनोहरने पाइपांवरून उड्या मारायच्या, खोके ढकलून वर चढायचं आणि शेवटच्या दारातून आत शिरायचं, की काम झालं. मनोहरराव प्रत्येक उडीला स्वतःही उडत होते. नियमात त्याला मनाई नव्हती.

दार मात्र बंद होतं.

"त्या लाल पाटावर मूळ नळधारक उभा राहिला का दार उघडते, काकाजी," प्रीतम नावाचा कर्मचारी म्हणाला. "मंग आत जाऊन मृत्यूचा पुरावा द्या."

"अरे बापा, ते वारली न!"

"असन. पण पुरावा दाराच्या आत घेतात."

"मंग नळ काहून बंद केला?"

"तो विभाग वेगळा आहे. त्यांले लवकर कळते."

मागे रांगेत बायजाबाई उभ्या होत्या. त्यांचे देवराव गेले, तसा त्यांचाही नळ गेला होता. त्यांनी दुसरा रिमोट उचलला. पडद्यावर हिरव्या साडीतली चिमुकली गोपिका आली आणि तुरुतुरु पळत सुटली.

"हळू चालवा वं बाई. आमची गोपिका अशी पळत नाही."

"पाण्यासाठी सारेच पळतात, भाऊ."

गोपिका पाटावर उभी राहिली. दार उघडलं. मनोहरराव उंबऱ्याशी थांबले.

"गोपिका बी येईन न आत?"

"ते पाटावरून उतरली का दार बंद. एकाले मागं राहावंच लागते, काकाजी. गेमच तसा आहे."

"जा न लवकर!" रांग ओरडली. मनोहररावांनी बटण दाबलं.

आत पुरावा घेणारं कोणी नव्हतं. पडद्यावर फुगे उडाले आणि अक्षरं उमटली: 'नळधारक स्वतः उपस्थित, म्हणजेच हयात. नाव बदलण्याचे कारण उरलेले नाही. नळ सुरू करण्यात येत आहे. अभिनंदन!'

"पण ते वारली!"

"आत्ता साऱ्यांनी पाह्यली तिले उभी," प्रीतम म्हणाला. "पाणी पाहिजे का नाही, सांगा."

पाणी पाहिजे होतं. बायजाबाईंची पाळी आली, तेव्हा मनोहररावांनी देवरावांना चालवायचा रिमोट हाती घेतला.

"आमचे हे थोडे लंगडत चालत," बायजाबाई म्हणाल्या. मनोहररावांनी देवरावांना लंगडत पाटावर नेलं.

मग सगळ्या रांगेनेच जोड्या जमवल्या. विभागात एकही नळधारक मयत नसल्याबद्दल कार्यालयाचा सत्कार झाला. त्याचं निमंत्रण गोपिकाबाईंनाही आलं.

तुमच्या घरचा नळ कोणाच्या नावावर आहे, हे कधी पाहिलंय? पाणी येत असेल तर तुम्हीही पाहणार नाही.

मनोहररावांकडे पाणी रोज येतं. गोपिका अजून त्या पाटावर उभी आहे. तिला उतरवायचं राहिलं आहे.