माणसांचा गायकी

नाचणगावात बकाराम भेटला की राम राम म्हणायच्या आधी तोंड उघडावं लागे. "आ कर," तो म्हणे, आणि नाक थेट आपल्या दातांशी आणी. लहानथोर पाहत नसे. एका लग्नात त्यानं मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाचं तोंड हुंगलं, मग भटजींकडे वळला. भटजी ओरडले. "ओरडू नोका महाराज, आ करा," बकाराम म्हणाला. "ओरडल्यानं वास दबते."

हा बकाराम गावचा गायकी. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर गावची ढोरं गोळा करायची, दिवसभर चारायची आणि दिवेलागणीला ज्याची त्याच्या दारात पोचवायची, हे काम त्यानं पंचवीस-तीस वर्षं केलं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा एके दिवशी त्यानं ढोरं भावकीतल्या एकाच्या हवाली केली आणि गावचे दारुडे राखायला घेतले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू होतीच, फक्त मागच्या दारानं येत होती. नदीपलीकडून मोहाची यायची. सायकलच्या ट्यूबमध्ये भरायची, ट्यूब कमरेला गुंडाळायची आणि वरून घोंगडी पांघरायची. उन्हाळ्यात घोंगडी पांघरलेला माणूस दिसला की पोलिसालाही कळत असे, पण पोलिसाला बाकीची कामं असत.

बकारामचं औषध एवढंच होतं. "ढोर काय न दारुडा काय, दिवसभर नजरेखाली ठेवा, हाताले काम द्या, सांजच्याले दारात आनून सोडा. बाकीचं देव पाह्यते."

सूर्य उगवला की त्याची पाच माणसं शिदोरी घेऊन आखरावर हजर. जो आला नाही त्याच्या दारात जाऊन बकाराम ढोरं हाकल्यासारखा हुर्र हुर्र करी, आणि शेजारपाजार हसायला गोळा झाला की तो माणूस लाजेनं बाहेर येई. मग विहिरीवर आंघोळ. मग निंबाखाली बसून अंबाडीचा दोर वळायचा. दुपारी शिदोरी खायची की पुन्हा दोर. झोप नाही. "झोपीत मानूस कुठी जाते ते गायक्याले दिसत नाई," तो म्हणे. संध्याकाळी एका रांगेत घराकडे. प्रत्येक दारात बकाराम हाक देई, "आलं व माय तुमचं. हुंगून घ्या." घरच्या माणसानं तोंड हुंगायचं आणि 'घेतला' म्हणायचं. तो शब्द कानावर आल्याशिवाय गायकी पुढच्या दारी जात नसे.

आता माझ्या घरचं सांगतो. धाकटा भाऊ महादू पीत होता. त्याची बायको सरू पोरीला घेऊन माहेरी वडनेरला निघून गेली. तिचा निरोप आला की पोळ्याला येते, तोवर एक घोटही घेतला नसेल तर राहीन, घेतला असेल तर त्याच पावली परत. दुसऱ्या दिवशी महादू आपल्या पायानं आखरावर जाऊन उभा राहिला. मला राग आला. चार बैलांचं घर आमचं.

पहिल्या संध्याकाळी, नवा माणूस म्हणून सगळ्यांच्या आधी, बकाराम त्याला घेऊन दारात आला.

"मोठे भाऊ, आलं तुमचं. हुंगून घ्या."

"माहा भाऊ ढोर नाई."

"ढोर असता तं हुंगा लागलं नसतं. ढोर कुठी पेते?"

मी दार अडवून उभा राहिलो. बकाराम ओट्यावर टेकला. मागं चार दारुडे आपापल्या घरच्या गरम भाकरीची वाट पाहत उभे. शेवटी महादूच म्हणाला, "दादा, म्हन ना घेतला. भूक लागली."

"घेतला," मी भिंतीकडं पाहून म्हटलं.

"हुंगून," बकाराम म्हणाला.

हुंगलं. पण त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकटात दुसऱ्याचा दारुडा कोण सांभाळतो? आणि पाच माणसं महिनोन्महिने दोर वळतात तो दोर जातो कुठं? बाजारात दिसत नव्हता, कोणाच्या गोठ्यात दिसत नव्हता. महादू एकदा म्हणाला, "दादा, अंबाडी लय नरम लागून राह्यली. कालचीच वाटते." मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष बकारामच्या घोंगडीकडं होतं. भर श्रावणात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, शेवटचा माणूस पोचवून परत जाताना तो घोंगडी पांघरून जाई. आणि घोंगडीखाली कमरेशी गोल फुगवटा दिसे, ट्यूबसारखा.

मला उलगडलं. हा दारुडे नाही, गिऱ्हाईकं राखतो. दिवसभर तहान वाढवायची, कोणाचं दार कुठं आहे ते पाहून ठेवायचं. मी पारावर चार माणसांत हे बोललो. दोन घरांनी आपली माणसं पाठवणं बंद केलं. महादूलाही म्हटलं, उद्यापासून जायचं नाही.

"चार दिवस राह्यले दादा पोळ्याले," तो म्हणाला. "आता सुटलो तं सरू काई राहत नाई."

"त्याले पकडून दाखवतो. मंग पाहू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात आणि बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दोन बैलांचे खांदे झाले होते. तेवढ्यात बकाराम महादूला पोचवून घोंगडी सावरत वळला. तुपाचे हात तसेच घेऊन मी त्याच्या मागं निघालो.

आखराच्या कडेला त्याची झोपडी. मी कडब्याच्या गंजीमागं उभा राहिलो. मावळतीचा उजेड अजून होता. बकाराम आपल्याच दारासमोर उभा राहिला. दाराला बाहेरून कडी.

"गोदे," त्यानं हाक मारली, "आलं व तुहं."

गोदा त्याची बायको. त्याच्या पिण्यापायी माहेरी तळेगावला गेली आणि तिथंच वारली. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली होती. बकारामनं हाताची ओंजळ केली, तोंडापाशी नेली, 'हा' करून श्वास सोडला आणि हुंगला. मग हळू आवाजात म्हणाला, "घेतला."

कडी काढून तो उंबऱ्यावर बसला आणि घोंगडीखालचा फुगवटा बाहेर काढला. दोर होता. दिवसभर उरलेल्या तिघांनी वळलेला. त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून तो एकेक पेड उकलायला लागला.

माझ्या पायाखाली कडबा मोडला.

"कोन व्हय तिथी? आ कर."

मी पुढं गेलो आणि आ केला. त्यानं हुंगलं. "वास नाई. पन हात तुपाचे," म्हणाला. "बैलाचे खांदे अर्धे टाकून आले काय?"

"दोर काऊन उकलून राह्यला?"

"उद्याले काम कुठून आनू? भारा एकच हाय." तो उकलतच राहिला. "आन ह्या वक्ताले मलेबी हाताले काम पाह्यजे. हाच वक्त वंगाळ."

माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. मी त्याच्या खांद्यावरची घोंगडी सारली, तुपाचा हात खांद्यावर घासला आणि म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

तो संशयानं पाहत राहिला. "जेवाले काय हाय?"

"पुरनपोळी."

"आन प्याले?"

"पानी."

"कोनाच्या हिरीचं?"

सकाळी उठून मी त्या दोन घरी गेलो आणि माणूस आखरावर पाठवा म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

सणाच्या दिवशीही बकारामनं सुटी दिली नाही. सरू दुपारीच पोरीला घेऊन पायी आली होती, गाठोडं न सोडता ओसरीवर बसून होती. वेशीतलं पोळ्याचं तोरण तुटलं, बैल घरी आले, आणि मागून महादूला घेऊन बकाराम आला.

"आलं व माय तुमचं. हुंगून घे."

सरू उठली. तिनं बराच वेळ हुंगलं. महादू डोळे मिटून उभा होता. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "घेतला." आत जाऊन गाठोडं सोडलं.

आमचं दार शेवटचं. बकाराम घोंगडी सावरून पाठमोरा झाला.

"बकाराम," मी हाक मारली. "आ कर."

त्याला वाटलं असेल, माझा संशय अजून गेला नाही. पण नियम त्याचाच होता. त्यानं आ केला. चार-पाच दात उरले होते. मी जवळ जाऊन नीट हुंगलं. कांद्याचा वास होता.

"घेतला," मी म्हटलं.

तो तोंड मिटायचं विसरला. मग ओट्यावर टेकला, घोंगडीखालून दोर काढला आणि आत पाहिलं. पानं वाढायला अजून वेळ होता. दोराचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं.