आंतोन सरांची ॲकोलेड

मालवणात कुठेही सत्कार असला की आमचे शेजारी आंतोन सर मागच्या रांगेत हजर. पाहुणे शाल घालतात, नारळ देतात, टाळ्या पडतात. त्या विरल्या की सर उठतात आणि शांतपणे विचारतात, "सत्कार झालो. ॲकोलेड खंय आसा?"

सरांनी हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं. बायको रोझीनबाई गेल्यापासून घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून आता ते सगळ्या गावाला ऐकावं लागतं. ॲकोलेड म्हणजे जाहीर गौरव, इतपत शब्दकोशही सांगतो. सर बांगडे निवडता निवडता त्याच्या मुळाशी जातात. लॅटिनमध्ये 'कोलम' म्हणजे गळा. जुन्या काळी युरोपातला राजा नव्या सरदाराच्या गळ्यात हात टाकून त्याला मिठी मारायचा, ती ॲकोलेड. पुढे मिठी गेली आणि खांद्याला तलवार टेकवणं आलं. "आता तलवारय गेली. रवलो निसतो कागद," असं सर सांगतात, तेव्हा तलवार यांच्याच घरून चोरीला गेली असावी असं वाटतं.

या मुळापायी मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना एकदा भर सभेत होडी हाकणाऱ्या घामाघूम तांडेलाला मिठी मारावी लागली. तेव्हापासून सर दिसले की पाहुणे कार्यक्रम आटोपता घेतात.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी सरांचाच सत्कार ठरवला आणि सर अडून बसले. ॲकोलेड मिळणार असेल तरच येईन. मनधरणी माझ्या गळ्यात पडली. शेवटी पाहुणा म्हणून येणारा त्यांचाच विद्यार्थी, कणकवलीचा डॉक्टर, मिठीला कबूल झाला. सरांनी नवा सदरा शिवला.

शाल झाली, नारळ झाला. डॉक्टरने सरांच्या गळ्यात हात टाकले आणि सर खांबासारखे ताठ. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, पण स्वतःचे हात कुठे ठेवायचे ते काही कळेना. मध्ये नारळ अडकलेला. हॉल खदखदून हसला, मीही हसलो. मी पुढे होऊन नारळ काढून घेतला, तेव्हा कुठे सरांचे हात हळूच डॉक्टरच्या पाठीवर गेले.

डॉक्टर बाजूला व्हायला लागला. सरांचे हात सुटेनात.

"वायच थांब रे," सर पुटपुटले. माइक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं.

डॉक्टर थांबला. रोझीनबाईंच्या मागे या माणसाला कुणी जवळ घेतलंच नव्हतं, हे मला तिथे नारळ घेऊन उभा असताना कळलं. टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही.