हरकत असेल तर चारच्या आत

मास्तरांनी आजवर ऑफिसातल्या तीन संस्कृती गाडल्या होत्या, आणि चौथीची तयारी ते सकाळच्या चहाबरोबर करत होते.

"आठवडाभरात निकाल लावतो," टोस्ट चहात बुडवत त्यांनी जाहीर केलं. "नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, हिला मी पाचच देतो."

"कुणाला? नव्या डायरेक्टरबाईंना?" बायकोने विचारलं.

"बाईंना नाही गं. त्यांनी आणलेल्या संस्कृतीला."

मास्तर शाळेतले नव्हते. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. प्रत्येकाचं काम ते परीक्षेच्या पेपरसारखं तपासत, म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडलं. खरी शाळा सांभाळायची ती बायको. ती मुख्याध्यापिका होती, आणि नवऱ्याच्या घोषणा ती उशिरा आलेल्या पोरांच्या सबबी ऐकाव्यात तशी ऐकायची, म्हणजे मान हलवत आणि हातातलं दुसरं काम न थांबवता.

गाडलेल्या तीन संस्कृतींपैकी पहिली उभ्याने मीटिंग घेण्याची. मास्तरांनी गुडघ्याचं कारण सांगून स्वतःपुरती खुर्ची नेली, दुसऱ्या दिवशी निम्म्या ऑफिसचे गुडघे दुखायला लागले. दुसरी भल्यामोठ्या गुबगुबीत पिशव्यांवर बसून काम करण्याची. तसल्या एका पिशवीत मास्तर एकदाच बसले, दोघांनी हात धरून ओढल्यावर बाहेर आले, आणि पिशव्या गोदामात गेल्या. तिसरी सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारण्याची. तिच्यासाठी त्यांना काहीच करावं लागलं नाही. कोणी नावाने हाक मारली की ते ओ द्यायचेच नाहीत, एवढंच.

चौथी मात्र थेट त्यांच्या मुळावर आली होती. अठरा वर्षं या कंपनीत एक रीत होती. एखाद्या बटणाचा रंग जरी बदलायचा असला, तरी तो बदल मास्तरांच्या हिरव्या खुणेशिवाय ग्राहकापर्यंत जात नसे. त्यांच्या केबिनबाहेर माणसं तळहातावर उघडा लॅपटॉप धरून रांगेत उभी असायची. मास्तर एकेकाला आत घेत, स्क्रीनकडे बघून सुस्कारा टाकत आणि म्हणत, "बघू." काही बदल इतके दिवस बघितले जायचे की ते मागणारा ग्राहक मागितल्याचं विसरून जायचा. पण गुणवत्ता म्हणजे काय खायचं काम आहे?

नव्या डायरेक्टरबाई आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये जमवलं होतं.

"इथे प्रत्येक गोष्टीला कुणाचा तरी होकार लागतो," त्या म्हणाल्या. "आजपासून होकार नको. ज्याला काही बदलायचंय त्याने ठराव लिहून सगळ्यांच्या चॅटवर टाकायचा. वाचून पटला तर अंगठा द्या. हरकत असेल तर दुपारी चारच्या आत सांगा, आणि ठराव मांडणाऱ्याला समोर जाऊन भेटा. कुणाचीच हरकत आली नाही तर ठराव मंजूर. मग महिनाभर तसं करून बघायचं. महिन्यानंतर वाटलं तर नवा ठराव आणा."

मास्तरांनी हात वर केला. "आणि लोकांनी वाचलंच नाही तर?"

"वाचतील."

"बाई, मी यांना अठरा वर्षं ओळखतो. ही मंडळी लिफ्टमधली पाटीसुद्धा वाचत नाहीत."

"विश्वास ठेवा, मास्तर," बाई हसून म्हणाल्या.

विश्वास! केबिनचं दार लावून मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांना आयुष्यातली सर्वांत झकास कल्पना सुचली. लोक वाचत नाहीत हे सांगून पटत नसेल तर करून दाखवायचं. त्यांनी अडीच पानी ठराव लिहिला. पहिल्या परिच्छेदात सुंदर भाषेत मांडलं की भिंती माणसांना दूर करतात, सबब गुणवत्ता प्रमुखांची केबिन सगळ्यांच्या उपयोगाला द्यावी. पुढची दोन पानं गुणवत्तेच्या सातत्यावर होती, आणि ती लिहिताना त्यांचा स्वतःचाच दोनदा डोळा लागला. शेवटी, शेपटाशी, एक वाक्य: 'गुणवत्ता प्रमुख हे पद रद्द करावे व हिरव्या खुणेची पद्धत बंद करावी.'

बेत सोपा होता. चारला एक मिनिट असताना स्वतःच हरकत घ्यायची, बाईंच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, बघा, तुमच्या कंपनीने अत्यंत गरजेचं पद न वाचता उडवलं असतं, मी होतो म्हणून वाचलं.

दुसऱ्या दिवशी, चहा-टोस्ट उरकून आल्या आल्या, त्यांनी ठराव टाकला आणि अंगठे यायला लागले. मास्तर हरखून गेले. दुसराच अंगठा चष्मिसचा होता. चष्मिस म्हणजे त्यांच्याच विभागातली इंजिनिअर. तिला मास्तरांनी हाताला धरून शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना जरा वाईट वाटलं. हीसुद्धा वाचत नाही! एचआरवाल्याने तर अंगठ्यासोबत एक फूलही टाकलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्याचे अंगठे जमा झाले.

"मेंढरं," मास्तर समाधानाने पुटपुटले.

चारला थोडा वेळ असताना ते हरकत लिहायला बसले. आता मास्तर दोन ओळींत हरकत घेणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. माणसाची वाचनाची सवय कशी सुटत गेली याच्यावर ते जरा रेंगाळले, एका वाक्यातला 'तथापि' काढून 'परंतु' घातला, मग पुन्हा 'तथापि' बरा वाटला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. वर बघितलं तर घड्याळात चार वाजून गेले होते आणि दारात डायरेक्टरबाई उभ्या होत्या. मागे अख्खा मजला.

"मास्तर," बाई भारावून म्हणाल्या. "जे अठरा वर्षं जपलं ते आपल्या हाताने सोडायला काळीज लागतं. इतक्या वरच्या जागेवरच्या माणसाने हे आपणहून केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं."

मास्तरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. आणि टाळ्या वाजल्या.

इथेच घात झाला. मास्तरांच्या कामावर अठरा वर्षांत कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गुणवत्तावाल्याला टाळ्या कोण देतो? चूक झाली की शिव्या, नाही झाली तर कुणाला पत्ताही नाही. टाळ्यांचा तो आवाज कानावर पडला आणि मास्तर तुपासारखे विरघळले. उघडलेल्या तोंडातून शब्द बाहेर पडले ते असे: "कर्तव्य केलं, बाकी काही नाही."

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि तपासत असलेल्या पेपरावर पेन ठेवलं.

"म्हणजे स्वतःचं पद स्वतःच रद्द केलंत, आणि वर टाळ्या घेऊन आलात."

"तसं नाही गं."

"याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. सातवीला असतं आमच्याकडे."

"पगाराला धक्का नाही," मास्तर म्हणाले. "आणि महिनाभराचाच प्रश्न आहे. माझ्या खुणेशिवाय कंपनी चालते का बघ. पंधरा दिवसांत बोंबलत येतील."

तेव्हापासून मास्तर हॉलमधल्या लांब टेबलावर बसून कंपनी बुडण्याची वाट बघू लागले. त्यांच्या केबिनचं फोनवर बोलायच्या खोलीत रूपांतर झालं. जो तो तिथे जाऊन घरच्यांशी भांडायचा. हिरव्या खुणेशिवायचा पहिला बदल ज्या दिवशी ग्राहकांकडे गेला, त्या दुपारी मास्तरांनी मुद्दाम कुठलंच काम घेतलं नाही. आपल्याला शोधत धावत येतील, तेव्हा आपण जागेवर असावं म्हणून. कोणी आलं नाही. बदल गेला, ग्राहकाने आभार मानले, संपलं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र घोटाळा झाला. ग्राहकांच्या स्क्रीनवरून पैसे भरायचं बटणच गायब झालं! मास्तर उठले. बाह्या सरसावल्या. "मी सुरुवातीपासून सांगत होतो," असं म्हणून त्यांनी इतिहासाला हात घातला, आणि ते मुद्द्यावर येईपर्यंत चष्मिसने जुनी आवृत्ती परत लावली होती, शेजारच्या दोघांनी चूक शोधली होती आणि बटण जागेवर आलं होतं.

"बसा ना मास्तर, झालं ते," चष्मिस म्हणाली.

तिने ते अगदी मायेने म्हटलं. पण मास्तरांनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या आणि ते बसले. अठरा वर्षं ज्या खुणेवर सगळा डोलारा उभा आहे असं ते समजत होते, तिच्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं, आणि याचं त्यांना खरोखर फार वाईट वाटलं. तसं, या लांब टेबलावर आल्यापासून दिवसातून दोनचारदा कोणी ना कोणी खुर्ची सरकवत त्यांच्याकडे यायचं, एखादा गुंता दाखवायचं, मास्तर तो सोडवून द्यायचे आणि त्यात त्यांचा वेळही मजेत जायचा. पण ते काही पद नव्हे. त्याची पाटी होत नाही.

महिना भरला त्या सकाळी मास्तरांना पुन्हा जोर चढला. लोक वाचत नाहीत, या एकाच भांडवलावर पद गेलं होतं, मग त्याच भांडवलावर ते परतही येईल! त्यांनी पुन्हा अडीच पानं लिहिली. सुरुवातीला खिडक्या आणि मोकळी हवा, मधे तेच सातत्य, आणि शेपटाशी एक वाक्य: 'गुणवत्ता प्रमुख हे पद व हिरवी खूण पूर्ववत करावी.' ठराव टाकून ते चहाला गेले. मेंढरं अंगठे देत राहतील, आपण फक्त चार वाजायची वाट बघायची.

चहा अर्धा झाला नव्हता आणि हरकतींचा पाऊस पडला. एचआरवाल्याची हरकत होती, या वेळी फुलाविना. रिसेप्शनवरच्या बाईंची होती. ज्यांचा हिरव्या खुणेशी काडीचा संबंध नव्हता त्यांचीही होती. आणि नियमाप्रमाणे समोर येऊन बोलायला पहिली आली ती चष्मिस. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"मास्तर, शेवटच्या वाक्याला हरकत आहे."

"शेवटच्या? तू तिथपर्यंत वाचलंस?"

"सगळ्यांनी वाचलं."

"मग मागच्या वेळी का नाही वाचलंत?" मास्तरांचा आवाज चढला.

चष्मिसने चष्मा काढून पुसला. "मागच्या वेळीही वाचलं होतं. मी तर दोनदा. आधी वाटलं तुम्ही गंमत करताय. मग म्हटलं, गंमत असली तर चारच्या आत मागे घ्याल. म्हणून सगळ्यांना सांगितलं, भराभर अंगठे द्या, मास्तरांना मागे घ्यायचा मोह व्हायला नको."

"म्हणजे तुम्हाला मी नकोच होतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही हवे होतात. रांग नको होती." ती म्हणाली. "पूर्वी तीन दिवस उभं राहून तुमचं 'बघू' ऐकायचे. आता अडले की खुर्ची सरकवते, आणि तुम्ही पाच मिनिटांत सांगता. मला हे आवडतं, मास्तर. तुम्हाला नाही आवडत?"

आवडत होतं, ही खरी पंचाईत होती. पण असं उत्तर दिलं तर ठराव पडला. मास्तर उठले आणि तडक डायरेक्टरबाईंच्या खोलीत गेले. निदान वरून तरी न्याय मिळेल.

बाई कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे बघत होत्या. "बरं झालं आलात. हा काय ठराव आहे? पद पूर्ववत करा म्हणजे? पद बंद कधी झालं?"

"महिन्यापूर्वी," मास्तर म्हणाले. "तुम्हीच टाळ्या वाजवल्यात."

"त्या केबिन दिलीत म्हणून."

मास्तर हळूहळू टेबलाशी वाकले. "बाई, तुम्ही माझा ठराव शेवटपर्यंत वाचला नव्हता?"

बाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. "पहिला परिच्छेद वाचला. फार सुंदर होता. पुढे... जरा लांबलं होतं ते."

"आणि महिनाभर माझ्या खुणेशिवाय काम बाहेर जातंय, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"उलट, सगळं इतकं वेळेवर जायला लागलं की मला वाटलं तुम्ही कामाचा झपाटा लावलाय," बाई म्हणाल्या. "मी वर तुमचं कौतुकसुद्धा कळवलं."

त्या संध्याकाळी मास्तर घरात शिरले ते छाती काढून.

"सिद्ध झालं!" त्यांनी बूट काढता काढता सांगितलं. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, लोक वाचत नाहीत. खुद्द डायरेक्टरबाईंनी वाचलं नव्हतं. कबूल केलं माझ्यासमोर."

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांनी दोनदा वाचलं," मास्तर बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाले.

"मग पद?"

"पदाचं काय घेऊन बसलीस? मुद्दा माझा खरा ठरला की नाही?"

बायकोने मान हलवली आणि पुढचा पेपर उचलला.

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीपेक्षा बरेच लवकर घरातून निघाले. लांब टेबलावरची खिडकीजवळची खुर्ची पहिल्या येणाऱ्याला मिळते, आणि आदल्या दिवशी तिच्यावर एचआरवाला बसला होता.