नऊ दऱ्या आणि शेजाऱ्यांचा चष्मा

उसामीने कपाटाच्या वरच्या खणात हात घातला तो फक्त रजई काढायला. नोव्हेंबर लागला होता, खाली शेगडी असलेलं बैठं टेबल मांडायचं होतं आणि त्यावर टाकायची रजई वर होती. ती घेऊन गडी मुकाट्याने खाली उतरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रजईमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि डबा दिसला की माणसाला (विशेषतः ताकामात्सुच्या पाणीपुरवठा कचेरीत बावीस वर्षं मीटरचे तक्ते तपासत बसलेल्या माणसाला) तो उघडून बघावासा वाटतोच.

डब्यात 'नऊ दऱ्या'चा कॅट निघाला. हा काही बदाम सातसारखा खेळ नव्हे. यातल्या प्रत्येक पत्त्यावर एकेका राक्षसाचं चित्र असतं, खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्याचे पराक्रम लिहिलेले असतात, आणि असे पन्नास पत्ते घेऊन समोरच्याच्या नऊ दऱ्या पाडायच्या असतात. सोळा वर्षांपूर्वी उसामी या खेळात सबंध शिकोकू बेटाचा विजेता होता. म्हणजे कागदोपत्री होता. त्यात एक भानगड आहे, ती पुढे येईलच. मग लग्न झालं आणि राक्षस रजईमागे गेले.

इथवरही ठीक होतं. पण सोमवारी कचेरीत चहा पिता पिता तो शेजारच्या विभागातल्या मियोशीजवळ बोलून गेला. मियोशी सत्तावीस वर्षांचा, दर रविवारी हाच खेळ खेळणारा. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर जुनी यादी शोधली, उसामीचं नाव वाचलं, आणि खुर्चीवरून उठून कमरेत वाकून नमस्कार केला. बावीस वर्षांत पाणीपुरवठा खात्यात उसामीसाठी कुणी उठलं नव्हतं. (त्याच्या स्वतःच्या सत्कारातसुद्धा निम्मे लोक खात होते.) मियोशीने विचारलं, महिन्याच्या शेवटच्या रविवारी या पत्त्यांच्या दुकानात स्पर्धा आहे, येणार का? उसामी "बघू" म्हणाला, पण आतून तो केव्हाच जाऊन पोचला होता. जगात एक माणूस आपल्याला मोठा समजतो, आणि काही करून त्याचा तो समज टिकला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

अडचण एकच होती, मुंगीची पावलं. उसामी आता शेहेचाळीस वर्षांचा. चाळिशीचा चष्मा बायकोने, साचिएने, करून दिला होता, पण तो घातला की आरशात वडील दिसत. आणि सोळा वर्षांनी परतणारा विजेता काय चष्मा चाचपत परततो? मग सरावाला पत्ते साचिए वाचून दाखवू लागली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, तेव्हा औषधासोबतच्या घडी घातलेल्या कागदावरची बारीक अक्षरं हा तिच्या डाव्या हातचा मळ. तीन आठवडे रोज जेवणं झाली की ती नव्या-जुन्या पत्त्यांची थप्पी घेऊन बसायची. "हा पत्ता मैदानात येताच समोरच्याने हातातले दोन टाकावेत. जेवणानंतर," असं सवयीने म्हणून जायची, आणि उसामी डोळे मिटून डावपेच सांगायचा. तिला सगळे पत्ते तोंडपाठ झाले. उसामीला तिचा आवाज पाठ झाला.

रविवारी उसामी सकाळचा उदोन, म्हणजे जाड शेवयांचा रस्सा, भुरकून निघाला. चष्मा त्याने मुद्दाम दाराजवळच्या बुटांच्या कपाटात सारून ठेवला.

दुकान बाजारातल्या लाँड्रीच्या वर होतं. मालकीण कुसाकाबाई नियमाला पक्की. तिने सुरुवातीलाच सांगितलं की आठ खेळाडू जमले तरच स्पर्धा, हरला तो घरी, एका डावाला पस्तीस मिनिटं, आणि तेवढ्यात डाव संपला नाही तर दोघंही हरले, दोघंही बाद. हे शेवटचं ऐकताच उसामी आपले पत्ते उगाचच पुन्हा मोजू लागला. सोळा वर्षांपूर्वीची भानगड हीच होती. तो अंतिम फेरीत पोचला तेव्हा दुसऱ्या बाजूचे दोघं वेळ संपल्यामुळे बाद झाले होते, समोर बसायला कुणी उरलंच नव्हतं, आणि शिकोकूचा विजेता शेवटचा डाव न खेळताच ढाल घेऊन घरी आला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. साचिएलासुद्धा नाही.

खेळाडू जमले सात. आठव्याला ताप आला होता. कुसाकाबाई स्पर्धा रद्द म्हणून सांगणार, तेवढ्यात दार उघडून साचिए आत आली. तिच्या हातात चष्मा.

"अहो, हा बुटांच्या कपाटात राहिला होता."

मियोशी शेजारीच उभा होता. उसामीने चष्म्याकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं. "हा माझा नाही. शेजाऱ्यांचा असेल."

शेजाऱ्यांचा चष्मा आपल्या बुटांच्या कपाटात कशाला येईल, हे साचिएने विचारलं नाही. सोळा वर्षांचा संसार होता. तिने चष्मा गुपचूप पर्समध्ये टाकला. कुसाकाबाईने तिला खेळता येतं का विचारलं, तर म्हणाली, "खेळत नाही, नुसती वाचते." पण आठवं माणूस सोडायला बाई तयार नव्हती. दुकानातला उसना कॅट हातात कोंबून तिने साचिएला एका दंतवैद्यासमोर बसवलंसुद्धा.

पहिला डाव उसामीने झोकात जिंकला. त्याच्या 'शेवाळी कासवा'ला आजच्या खेळाडूंनी कधी पाहिलंच नव्हतं. कासव मैदानात उतरलं तसं सगळं दुकान टेबलाभोवती गोळा झालं, आणि समोरचा कॉलेजचा विद्यार्थी ते बघता बघता स्वतःच्या दऱ्या विसरला. मियोशीने कासवाचा फोटो काढला. पलीकडे साचिए "माफ करा हं, माफ करा" म्हणत दंतवैद्याच्या नऊही दऱ्या एकेक करून उपटत होती.

दुसऱ्या फेरीत समोर आला मियोशी. दोघांनी वाकून नमस्कार केला आणि पत्ते पिसले. मियोशीने पहिला पत्ता टाकला आणि उसामीला नुसतं तांबडं-निळं दिसलं. समोरच्याला मजकूर विचारायची नियमात मुभा आहे, म्हणून उसामीने विचारला. मियोशीने वाचून दाखवला. दुसरा विचारला, तोही वाचला. चौथ्या पत्त्यापासून मियोशी न विचारताच वाचू लागला, सावकाश, खणखणीत, आजोबांना पेपर वाचून दाखवावा तसा. याला कळलंय, हे उसामीला कळलं. पण पोराच्या चेहऱ्यावर ना कंटाळा ना कीव. आणि खेळत काय होता! स्वतःची चाल स्वतः मोठ्याने समजावून सांगायची, त्यातला धोका दाखवून द्यायचा आणि तरीही वरचढ ठरायचं. पाचव्या दरीपाशी उसामी हरायचं दुःख विसरून खरंच खूश झाला. आपण ऐन भरात होतो तेव्हाही असं खेळलो नव्हतो, हे त्याला मनोमन मान्य करावं लागलं.

घड्याळात एक मिनिट उरलं. डाव संपायला अजून दहा तरी लागली असती. उसामीने विचार केला, या पोराने अर्धा तास आपल्यासाठी वाचण्यात घालवला, निदान त्याची फेरी तरी बुडू नये. समोर मियोशीनेही तसाच काहीतरी विचार केला असावा. हार मानायची रीत अशी, की आपल्या कॅटवर तळहात ठेवायचा आणि मान लववून सांगायचं.

दोन तळहात एकदम टेकले. "मी हरलो," दोघं एका दमात म्हणाले.

"उसामीसान, मी आधी म्हटलं."

"मुळीच नाही. आधी मी हरलो."

"तुम्ही मागाहून हरलात. मी ऐकलं ना."

कुसाकाबाईला बोलावलं. आधी कोण हरलं म्हणून तिने विचारलं, तर दोघंही तो मान सोडेनात. एकमेकांपुढे वाकावाकी चालू असतानाच घंटा वाजली. बाईने नियमांची वही उघडली आणि मिटली. "तुम्ही दोघं म्हणता हरलो, घड्याळही तेच म्हणतं. माझी काय हरकत असणार?"

दोघंही बाद झाले. पलीकडच्या टेबलावर साचिएने आपला डाव केव्हाच जिंकला होता, आणि आता तिच्यासमोर बसायला कुणी उरलं नव्हतं. कुसाकाबाईने प्रमाणपत्रावर तिचं नाव घातलं आणि विजेत्याला प्रांताच्या स्पर्धेत जागा असते म्हणून सांगितलं. साचिए ते घेईना. शेवटचा डाव खेळलेच नाही, मग मी कसली विजेती, म्हणाली.

उसामीला ते ऐकवेना. "घे गं," तो म्हणाला. "चालतं तसं. मीही खेळलो नव्हतो."

आणि मियोशीसमोर, सगळ्या दुकानासमोर, त्याने सोळा वर्षांपूर्वीची हकीकत सांगून टाकली. सांगताना कान तापले होते. मियोशी म्हणाला, "पण त्या फेरीपर्यंत तर तुम्ही खेळूनच पोचलात ना? आणि हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं." एवढं बोलून तो कमरेत वाकला, कचेरीतल्यापेक्षाही खाली. उसामीचे डोळे भरून आले. तोही तितकाच वाकला. वर बघतो तर मियोशीचा नमस्कार त्याच्या खांद्यावरून मागे चालला होता.

"साचिएसान," मियोशी म्हणत होता, "प्रांताच्या स्पर्धेसाठी सरावाला मला घ्याल का?"

पुढच्या रविवारी बैठ्या टेबलाशी साचिए आणि मियोशी समोरासमोर बसले. एकालाही काही वाचून दाखवावं लागत नव्हतं, त्यामुळे डाव भराभर चालले होते. उसामीकडे उदोन शिजवायचं काम आलं. किती मिनिटं उकळायचा ते पाकिटावर छापलं होतं, मुंगीच्या पावलांत. चष्मा साचिएच्या पर्समध्ये होता, पण जो आपला नाहीच तो मागायचा कसा? उसामीने अंदाजाने उकळला. विजेत्याचा अंदाज होता, सढळ हाताचा.

वाडगे टेबलावर आले. ताकामात्सुत माणसाला बाकी सगळं माफ असतं, गिजगा उदोन नाही. मियोशीने काड्यांनी एक शेवई उचलली, ती मधोमध तुटून पडली. साचिएनेही उचलून पाहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, वाडग्याशेजारी तळहात टेकले आणि मान लववली.

"मी हरलो."

"मी हरले."

या वेळी कोण आधी, यावर वाद झाला नाही. साचिएने पर्समधून चष्मा काढला आणि उसामीपुढे ठेवला.

"अहो, हा शेजाऱ्यांना देऊन या. आणि येताना उदोनचं दुसरं पाकीट आणा, मिनिटं तेवढी त्यांच्याकडूनच वाचून घ्या."