बिनजिन्याचा स्लॅब

अल्लाची शपथ, माझ्या डोळ्यांची शपथ, ज्या भाकरीवर मी वाढले त्या भाकरीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी बदकं मरोत. (बदकांची शपथ मी उगाच घेत नाही. नवरा होता तोवर त्याची घ्यायचे. तो गेल्यावर बदकांवर आले.)

तर आता मूळ मुद्दा. माणूस जन्मतो, वाढतो, मरतो, पण घर पूर्ण होत नाही. जगात इतरत्र काय असेल ते असो, इजिप्तात आमच्या तंता शहराबाहेर कालव्याच्या काठाला हा कायदाच आहे. कुठल्याही गच्चीवर बघा, खांबांतून सळ्या वर आलेल्या दिसतील. परगावचा माणूस म्हणतो, काम अर्धवट टाकलंय वाटतं. अरे बाबा, अर्धवट कसलं? त्या सळ्या म्हणजे पुढच्या मुलाचा मजला, आणि मजला म्हणजे लग्न. आमच्यात मुलगा झाला की आधी सळ्या मोजतात, मग नाव ठेवतात. घर पूर्ण करणं म्हणजे 'आता आम्हाला मुलं नकोत' असं गच्चीवरून ओरडून सांगणं. असल्या घरात दृष्ट काढायलासुद्धा कोणी येत नाही.

इथे काँक्रीटविषयी थोडी शास्त्रीय माहिती देणं माझं कर्तव्य आहे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र केलं की काँक्रीट होतं. त्यात चुलतभावांचे सल्ले मिसळले की आमच्याकडचं काँक्रीट होतं. त्याचा पहिला गुण असा, की दाबलं तर सोसतं, ओढलं तर तडकतं. आमच्या घरातले पुरुष नेमके उलटे: ओढलं की येतात, वजन टाकलं की तडकतात. म्हणून काँक्रीटच्या पोटात सळई घालतात आणि पुरुषांचं लग्न करतात. दुसरा गुण. लोकांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. साफ चूक. ते पाणी पिऊन घट्ट होतं. ओतल्यावर त्याला दिवसच्या दिवस पाणी पाजावं लागतं. नाही पाजलं तर वरून गुळगुळीत दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. (इथे मी कुणाचं नाव घेणार नाही. माझे दोन्ही जावई पलीकडच्याच खोलीत बसलेत.) आणि तिसरा गुण, एकदा बसलं की कुणाचं ऐकत नाही. हा गुण व्याही मंडळींतही आढळतो.

आमचे होणारे व्याही म्हणजे हाजी दुसूकी, कापसाचे अडते. त्यांची नगला आणि माझा नातू सफवत, म्हणजे माझ्या तल्अतचा थोरला, यांचं जमलं होतं. तल्अत दुसऱ्या मजल्यावर राहतो, सफवतसाठी तिसरा. भिंती झाल्या होत्या, स्लॅब तेवढा राहिला होता. हाजींनी सांगून टाकलं, "ईदच्या आत डोक्यावर छत नसेल, तर मुलगी देणार नाही. माझी पोरगी चांदण्यांखाली झोपायला कबूतर आहे का?"

बोलणं रास्त होतं. पण खरी भीती वेगळीच होती. नगलाचा एक चुलतभाऊ टपून बसला होता. त्याचा फ्लॅट तयार, रंग दिलेला, वर झुंबरसुद्धा टांगलेलं. माणसाच्या डोक्यावर केस नव्हते, पण झुंबर होतं, आणि हाजींना झुंबराचं भारी कौतुक. सफवत जेवेनासा झाला. आमच्या घरात जेवण सोडणं हा आजार नव्हे, ती घोषणा असते.

मग मेतवल्ली मिस्त्रीला बोलावलं. स्लॅबच्या दिवशी आमच्याकडे आधी मेंढा कापतात, त्याच्या रक्तात हात बुडवून खांबावर पंजा उमटवतात आणि मग मिक्सर सुरू करतात. स्लॅबच्या मजबुतीत पंजाचा वाटा किती, यावर जाणकारांत एकमत नाही. मेतवल्लीच्या मते निम्मा. उरलेला निम्मा म्हणजे मटण.

सबंध गल्ली हजर. बाप्ये सिगारेटी ओढत मिक्सरकडे बघत होते (बांधकामात याला देखरेख म्हणतात) आणि बायका कालवणावर मत देत होत्या. शेजारची झकिया ओरडली, "मेतवल्ली, फार घट्ट झालंय रे! ओत थोडं पाणी, सरसर पसरेल!"

"मावशी, ही मुलूखियाची भाजी नाही."

"मुलूखिया असती तर तुला डावाला हात लावू दिला असता का मी?"

मेतवल्लीने बिचाऱ्याने पाणी ओतलं. झकियापुढे भलेभले पातळ होतात, काँक्रीटची काय कथा!

अशा वेळी इंजिनियर पाहिजे, आणि तो होता. टोपी घातलेला, काखेत नकाशाची गुंडाळी. सकाळीच आला, सळ्या हलवून बघितल्या, खाली लावलेल्या बल्ल्यांना लाथा मारून बघितल्या, "पाणी बेताने घाला" म्हणाला. आम्ही चहा पुढे केला, तर "नको, कामावर असताना घेत नाही" म्हणाला आणि पुढच्या साइटला गेला. मला किती आधार वाटला म्हणून सांगू!

दुपारी पंगत बसली. फत्त्याच्या परातीच आल्या, रश्शात भिजलेली भाकरी, वर भात, वर मटण. परातींना टेकू हवा म्हणून गड्यांनी इकडून-तिकडून फळ्या गोळा केल्या. स्लॅबमध्ये जिन्यापुरती जागा मोकळी राहावी म्हणून वर एक फळ्यांची चौकट ठोकलेली असते. तीही उपटून आणली, चांगली चौकोनी आणि सपाट. परात तिच्यावर अशी बसली, जणू तिच्यासाठीच केली होती! सगळे पोटभर जेवले, मेंढ्याला दुवा दिला, वर चढले आणि उरलेलं काँक्रीट जिथे जागा दिसली तिथे ओतून मोकळे झाले.

जागा कुठे दिसली, हे कळायला वेळ होता. खाली बल्ल्यांचं रान आणि वर फळ्यांचं छत, त्यातून कोणाला काय दिसणार?

आता पाण्याचा प्रश्न. स्लॅबवर मातीचे बांध घालून तळं करायचं आणि ते आटू द्यायचं नाही, एवढंच काम. तल्अतने सफवतला सांगितलं, सफवतने धाकट्या भावाला, राफतला सांगितलं, राफतने आपल्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला सांगितलं, आणि सूनबाई माझ्याकडे येऊन म्हणाली, "सासूबाई, मुलं पाणी मारतायत बरं का!" वर जाऊन बघते तर स्लॅब तव्यासारखा तापलेला. काँक्रीट तहानेने मरतंय म्हणून मी ओरडले, तर चौघेही टीव्हीसमोरून "हो, हो" म्हणाले. मग मी माझी लग्नासाठी पोसलेली बदकं टोपलीत घालून वर नेऊन सोडली आणि खाली येऊन सहज म्हटलं, "वर बदकांना पाणी नाही. मेली तर लग्नात डाळ खा."

अहो, घर हादरलं! बादल्या घेऊन ही पळापळ. बाहेरच्या बाजूने मजुरांनी लावलेल्या फळ्यांच्या उतारावरून तल्अत स्वतः पाणी नेत होता. तल्अतने! ज्याने स्वतःच्या बापाला कधी तांब्याभर पाणी दिलं नाही. स्लॅब असा न्हाऊन निघाला की दोन बोटं फुगलाय असं झकियाचं म्हणणं होतं. बदकंही फुगली.

मग सेंट्रिंग उतरवलं, बाहेरचा उतारही काढला. मेतवल्ली आपल्या हातांनी केलेलं छत बघायला जिन्याने वर चढला. तिसऱ्या मजल्यावरून पुढे पायऱ्या होत्या, सुबक होत्या, आणि छताला जाऊन टेकत होत्या. त्याच्या वर काही नव्हतं. म्हणजे होतं, स्लॅब होता. मेतवल्ली शेवटच्या पायरीवर मान वाकडी करून उभा राहिला. मग म्हणाला, "उतरताना मात्र सोपं जाईल."

आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, हाजी दुसूकी सहकुटुंब घर बघायला येणार होते. फोडायचं म्हटलं तर काँक्रीट चांगलं न्हालेलं, छिन्नीला दाद देईना. सफवत भिंतीला टेकून बसला. "आजी," म्हणाला, "आता झुंबरवाल्याचं लग्न."

"जेव आधी," मी म्हटलं. "हरायचंच असेल तर निदान पोट भरून हर."

हाजी आले. खोल्या बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं, छताकडे बघून मान डोलावली. "चला, गच्ची बघू." आणि निघाले जिन्याने. डोकं टेकलं तिथे थांबले.

"तल्अत, हा जिना कुठे जातो?"

"वर."

"वर कुठे?"

तल्अतने वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, "इन्शाअल्ला."

हाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. तेवढ्यावरून मी ओळखलं, की आता हे झुंबराचं नाव काढणार. त्यांच्या पाठीमागे त्यांची बायको इन्साफ धापा टाकत उभी होती. मी तिचा हात धरला.

"इन्साफ, तुझ्या डोक्यावर कोण राहतं गं?"

तिचा चेहराच बदलला. "कोण म्हणजे? माझी धाकटी जाऊ! रोज पहाटे खलबत्ता कुटते. मी चादरी वाळत घातल्या की वरून सतरंज्या झटकते. जिन्यात भेटली की विचारते, 'बाई, तुम्हाला आवाज नाही ना येत?'"

"मग? तुझ्या नगलाच्या डोक्यावर कोणी यावं असं वाटतं तुला? आमच्या राफतची उद्या बायको येईल, कशी निघेल काय सांगावं! म्हणून मी वरची वाटच बंद करून घेतली. पोरीला जन्मभर शांतता."

तेवढ्यात वरून बदकं ओरडली. मी म्हटलं, "ती लग्नाची आहेत. लग्नानंतर तीही गप्प."

हाजींनी घसा खाकरला. "पण तल्अतच्या आई, हे म्हणजे..."

"हाजी, तुम्ही गप्प बसा," इन्साफ म्हणाली.

"मी कुठे काय बोललो?"

"बोलणार होतात." आणि माझ्याकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अगं, तीस वर्षांत माझ्यासाठी एवढा विचार कोणी केला नाही."

राफत माझ्या कानाशी आला. "आजी, आणि माझा मजला?" मी त्याला असा चिमटा काढला, की त्याचं 'मुबारक हो' सगळ्यांच्या आधी निघालं.

निकाह ठरल्या दिवशी झाला. बदकं झकियाच्या गच्चीवरून फळी टाकून उतरवली. झुंबरवाला लग्नाला आला होता, तीनदा वाढून घेतलं.

पण गोष्ट इथे थांबली नाही. इन्साफने बहिणीला सांगितलं, बहिणीने सबंध बाजाराला. आज आमच्या भागात दहातल्या अकरा मुलींच्या आया लग्नाच्या बोलणीत बंद छत मागतात. (पाहणी मी स्वतः केली आहे, बाल्कनीतून.) मेतवल्लीने दुकानावर पाटी लावली, 'बंद छताचे जुने व अनुभवी कारागीर'. लक्षात घ्या, जिना लागतोच. तो वर चढून छताला आपटला पाहिजे. नाहीतर वाट मुद्दाम बंद केली आहे हे पाहुण्यांना कळणार कसं? आणि वर सळ्याही लागतात, कारण त्या कापायला मुलाची आई तयार होत नाही. जिना सांगतो, वर कोणी येणार नाही. सळ्या सांगतात, येणार आहे. दोन्ही पक्ष समाधानी आहेत. धाकटे मुलगे बाहेरून लोखंडी जिने लावून वर राहायला जातात, आणि त्यांच्या बायका त्यावरून खडावा घालून उतरतात.

आता एवढ्या शपथा घेतल्यात, तर एक कबूल करून टाकते. एवढी एकच गोष्ट मी पदरची घातली. तो इंजिनियर. कोणी इंजिनियर-बिंजिनियर आला नव्हता. आमच्याकडे येत नाही.

गंमत बघा, छताला आपटलेल्या जिन्यावर तुम्ही भुवया उडवल्या, बदकांना हसलात, पण इंजिनियरला कोणी हटकलं नाही. इजिप्तमध्ये चहाला नको म्हणणारा माणूस, आणि तो तुम्ही मुकाट गिळलात! गिळणारच. डोक्यावरचं छत कुणीतरी शहाण्याने बघितलं असेल, असं मानल्याशिवाय झोप कुणाला लागते?

आता वर बघू नका. बघून काही कळत नाही, रंग दिलेला असतो.