दान्नो म्हणजे देतात!

ज्याला संस्कृत येतं, त्याला इटालियन आठ दिवसांत येतं! हे मी आमच्या इतवारा पेठेत चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं होतं. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंय, चेष्टा नाही!

त्यामुळे केळीच्या धाग्याच्या चटया बघायला इटलीहून लुचियाबाई येताहेत, असं भाची प्रतिभानं सांगताच दुभाषी मीच! तिच्या शनवारा पेठेतल्या कारखान्यात अकरा बायका चटया विणतात. त्यांचं वर्षभराचं काम या एका ऑर्डरवर होतं.

"मामा, पक्का ना? उनको अंग्रेजी भी कम आती है."

"अगं, आपला 'दा' धातू! लॅटिनमध्ये दो, दास, दात. इटालियनमध्ये दो, दाई, दा. मी देतो, तू देतोस, तो देतो. आणि दान्नो म्हणजे ते देतात. घरचंच आहे सगळं!"

बाई आल्या आणि फटाक्यांची माळ लागावी तसं इटालियन सुरू झालं. आठ दिवसांचं पाठांतर उडालं, उरलं एकच रूप! मी विणणाऱ्या मालूबाईंकडे बोट केलं, मग चटयांच्या थप्पीकडे. "दान्नो!" या बायका आपल्याला हे देतात, एवढंच म्हणायचं होतं.

बाई दचकल्या. "दान्नो? दोवे?"

'दोवे' हे 'दो'चंच कुठलं तरी रूप असणार! मी खूश. "सी, सी!" म्हणजे हो, हो, म्हणत सगळ्या थप्प्या दाखवल्या. "दान्नो! दान्नो! दान्नो!"

बाई सोललेल्या केळ्यासारख्या पांढऱ्या पडल्या. खाली बसून एकेक चटई उलगडू लागल्या.

"सर, काय सांगितलं तुम्ही त्यांना?" मालूबाई विणायचं थांबल्या.

प्रतिभानं मोबाइलवर शब्द शोधला. "मामा, ये क्या कर दिया! दान्नो म्हणजे नुकसान पण होतं! आणि दोवे म्हणजे कुठे!"

लॅटिनमधल्या 'दाम्नुम'चं, म्हणजे नुकसानीचंही, इटालियनमध्ये दान्नोच झालंय, हे मला कोण सांगणार? अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या. देव आठवले, विभक्तीसकट!

तीन तास गेले. दोनशेपैकी सहा चटयांच्या कडा खरंच उसवलेल्या निघाल्या! प्रतिभालाही पत्ता नव्हता. बाई उठल्या, माझा हात गदागदा हलवला आणि आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी बोलल्या. मोबाइल हिंदीत म्हणाला, "अपने माल की खराबी खुद बताने वाला आदमी पहली बार देखा. ऑर्डर पक्का. शर्त एक ही है, हर चटाई यही सज्जन जाँचेंगे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हळूच विचारलं, "किती चटया गं?"

"चार हजार, मामा!"

हे मी कारखान्यातच जमिनीवर बसून लिहितोय. आत्ताशी तीनशे बारावी झाली!